गर्दीचा एकरी उतारा

४ जून २०२४ ची संध्याकाळ. बुलडाणा लोकसभेचा निकाल दुपारीच स्पष्ट झाला होता. माझा भाचा चिखली तालुक्यातल्या त्याच्या गावाहून मोटारसायकलवर आला आणि चहा न घेताच ओसरीवर बसून राहिला. त्याची चार एकर कोरडवाहू शेती आहे. आदल्या वर्षीचे सोयाबीन भाव येईल या आशेवर त्याने घरातच ठेवले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रविकांत तुपकरांच्या मोर्चाला त्याच्या गावातून दोन क्रूझर गाड्या भरून माणसे गेली होती. डिझेलची वर्गणी त्यांची त्यांनीच काढली होती आणि भाकरी घरून बांधून नेल्या होत्या. आता तुपकर तिसऱ्या क्रमांकावर होते. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मामा, मंग ते मानसं खोटे होते का?"

मी महाविद्यालयात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. निवडणुकीच्या कामावर केंद्राध्यक्ष म्हणूनही अनेकदा गेलो. तरी त्या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. त्याचे खरे कारण असे की मोर्चाच्या दिवशी बुलडाण्यात एका परिचिताच्या गच्चीवर उभा राहून 'हा माणूस आता निघाला' असे मीच मोठ्याने म्हणालो होतो. वर्गात ज्या चुकीबद्दल मी मुलांचे गुण कापत असे, तीच चूक मी गच्चीवर उभा राहून केली. हा लेख म्हणजे त्या चुकीचा हिशेब आहे.

आमच्या जिल्ह्याला भाकिताची हौस जुनीच. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती गोलाकार अठरा धान्ये ठेवतात, मध्ये घागर, करवा, पापड, कुरडई, विड्याचे पान-सुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा सरकला, कोणता जागीच राहिला हे पाहून पाऊस, पीक आणि राजाची गादी सांगतात. पान म्हणजे राजा. वाहिन्यांच्या गाड्या तिथे रात्रीपासून उभ्या असतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी त्यावर टीका करतात, आणि ती योग्यच आहे. पण निवडणुकीच्या दिवसांत सभेच्या मैदानात उभे राहून रिकाम्या आणि भरलेल्या खुर्च्यांवरून राजाची गादी सांगणारे आपण सगळे तरी वेगळे काय करतो? भेंडवळकर निदान वर्षातून एकदाच सांगतात.

खुर्च्यांपासूनच सुरुवात करू. 'लाखाची सभा' हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक बर्कलीच्या विद्यापीठात शिकवत होते. त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभा होत. चौकातल्या फरशीवर चौकटी होत्या. त्यांनी चौकटीतली माणसे मोजली आणि एक सोपा ठोकताळा काढला: विरळ गर्दीत माणसाला साधारण दहा चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी खेटून उभे असतील तर अडीच. आता हे आपल्या मापात आणा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. विरळ गर्दीचा एकरी उतारा साडेचार हजाराच्या आतबाहेर, दाट गर्दीचा साडेनऊ हजाराच्या वर. खुर्च्या मांडल्या, मध्ये ये-जा करायला वाट सोडली, व्यासपीठापुढे मोकळी जागा ठेवली, तर एकरात सहा हजार माणसे बसली म्हणजे पुष्कळ झाली. एक लाख माणसे दाटीने उभी करायलाही दहा एकरांहून जास्त जमीन लागते. मोकळेपणाने उभी केली तर तेवीस एकर. आता तुमच्या तालुक्याच्या गावातले सभेचे मैदान डोळ्यांपुढे आणा. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही, त्याला एकर दिसतो.

माझे एक स्नेही बिछायत केंद्र चालवतात. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: मंडप, गाद्या, खुर्च्या, भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात.) गर्दीचा अंदाज घेण्याचे त्यांचे शास्त्र जेकब्सपेक्षा पुढचे आहे. सभा संपल्यावर ते खुर्च्या मोजत नाहीत, खुर्च्यांखाली पाहतात. शेंगांची टरफले पडली असतील तर माणूस तासभर बसला. खुर्ची स्वच्छ आणि तिच्यावरची धूळ तशीच असेल तर ती नुसती फोटोपुरती होती. त्यांनीच मला आणखी एक गंमत सांगितली. एकाच सभेचे दोन आकडे असतात. बातमीत छापायला देतात तेव्हा माणसे लाखाने असतात. निवडणूक खर्चाच्या नोंदवहीत लिहितात तेव्हा खुर्च्या शेकड्यांवर येतात. याचे कारण साधे आहे. लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख एवढीच खर्चाची मर्यादा आहे. जिल्हा निवडणूक अधिकारी खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, चहा, नाश्ता यांचे दरपत्रक लावतात, आणि आयोगाचे चित्रीकरण पथक सभेत फिरून वस्तू टिपत असते. म्हणजे गर्दी मिरवायचीही असते आणि लपवायचीही.

आणि मग आणलेली गर्दी. गाडी, डिझेल, जेवणाचे पाकीट आणि निंदणाला मिळते तेवढी रोजी. शेतात काम नसलेल्या दिवसांत ही रोजी कोणी का सोडावी? त्याच बाया आठवड्याने दुसऱ्या पक्षाच्या सभेत दिसतात, तेव्हा शहाणे लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. त्या आपला दिवस विकतात, मत विकत नाहीत, आणि हा फरक सभा भरवणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त कळतो. पण गर्दी आणलेली असते हे सांगून विषय संपत नाही. भाच्याच्या प्रश्नाला तर ते उत्तरच नव्हे. त्याच्या दोन गाड्या कोणी आणल्या नव्हत्या.

म्हणून आता खरी आकडेमोड. २०२४ मध्ये बुलडाणा लोकसभेत साधारण १७ लाख ८० हजार मतदार होते आणि मतदान ६२ टक्क्यांच्या आसपास झाले. शिवसेनेचे (शिंदे) प्रतापराव जाधव यांना ३,४९,८६७ मते पडली. शिवसेनेचे (ठाकरे) नरेंद्र खेडेकर यांना ३,२०,३८८. अपक्ष रविकांत तुपकर यांना २,४९,९६३. वंचित बहुजन आघाडीचे वसंतराव मगर यांना ९८,४४१. जाधव २९,४७९ मतांनी निवडून आले. याच जाधवांनी २०१९ मध्ये एक लाख तेहतीस हजारांवर मताधिक्य घेतले होते.

मतदारसंघात मतदान केंद्रे दोन हजारांच्या घरात आहेत. निवडणूक समजून घ्यायची तर लाखांचे आकडे विसरून सगळे या दोन हजाराने भागावे, असे माझे मत आहे. विजयी मताधिक्य २९,४७९, म्हणजे केंद्रामागे पंधरा मते. एका काळ्या-पिवळीत कोंबून बसतात तेवढी माणसे. विजेत्याला केंद्रामागे सरासरी पावणेदोनशे मते, तुपकरांना सव्वाशे. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात केंद्रामागे पन्नास मतांचे अंतर. आता मोर्चा घ्या. त्यात पन्नास हजार माणसे होती असे क्षणभर धरा. मी मोजली नव्हती आणि कोणीच मोजली नव्हती, म्हणून हा नुसता धरलेला आकडा आहे. ती सगळी याच मतदारसंघातली होती, सगळी अठरा वर्षांवरची होती, शेजारच्या जिल्ह्यांतून कोणी आले नव्हते, असेही धरा. तरी केंद्रामागे पंचवीस माणसे होतात. गच्चीवरून मी पाहिला तो जनसमुद्र गावागावांत परत वाटून दिला की प्रत्येक केंद्राच्या वाट्याला दोन गाड्या येतात. माझ्या भाच्याच्या गावातून गेल्या तेवढ्याच.

इथे मी थांबलो, कारण हिशेब माझ्या अपेक्षेच्या उलट निघाला होता. 'गर्दी फसवी होती' हे सिद्ध करायला मी बसलो होतो. पण पन्नास हजारांच्या मोर्चाला अडीच लाख मते पडली, तर एका मोर्चेकऱ्यामागे घरी राहिलेले चार जण उभे होते. पक्ष नाही, आधीपासून लोकांच्या ओळखीचे चिन्ह नाही. अपक्षाला चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. त्या वेळी ती मुदत ८ एप्रिलला संपली आणि मतदान २६ एप्रिलला झाले. अठरा दिवसांत घाटावर आणि घाटाखाली, भर उन्हात, लग्नसराईत, दोन हजार केंद्रांपर्यंत नवे चिन्ह पोचवायचे आणि दोन हजार ठिकाणी विश्वासाचा मतदान प्रतिनिधी बसवायचा. शाखा, सरपंच, पतसंस्था, बाजार समित्या यांचे जाळे ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे आहे, त्यांना हे काम सवयीचे असते. मोर्चाला माणसे एका ठिकाणी यावी लागतात. मतदानाला उमेदवाराच्या माणसांना सगळ्या ठिकाणी जावे लागते. दोन्ही कामे उलट्या दिशेची आहेत.

तर गर्दी नेमके काय मोजते? माझे उत्तर असे: ओल किती खोल गेली ते गर्दी सांगते, पाऊस किती शिवारांत पडला ते मत सांगते. दिवसाची रोजी बुडवून, पदरचे डिझेल घालून माणूस येतो तेव्हा त्याची तळमळ कळते. मतपेटीत मात्र तळमळीला वजन नाही. जीव तोडून दिलेले मत आणि शेजारी निघाला म्हणून त्याच्याबरोबर जाऊन दिलेले मत, दोन्ही एकच. लोकशाहीचा मोठेपणाही तोच आणि चळवळीतल्या माणसाचे दुःखही तेच.

या दोन मापांची गल्लत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. शिवसेनेचा पहिला मेळावा शिवाजी पार्कवर ३० ऑक्टोबर १९६६ ला झाला आणि तेव्हापासून बाळासाहेब ठाकरे यांच्या सभेला गर्दी नाही असे वर्ष सहसा गेले नाही. पण विधानसभेत? १९७० च्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक हे पहिले आमदार. १९८५ च्या विधानसभेत छगन भुजबळ हे एकटे. जवळजवळ वीस वर्षे मैदान भरलेले आणि सभागृहात एक खुर्ची. ती गर्दी खोटी होती म्हणावे, तर त्याच १९८५ मध्ये मुंबई महापालिका शिवसेनेने जिंकली. गर्दी खरी होती, पण ती मुंबईची होती आणि मुंबईच्या प्रश्नांची होती. महाराष्ट्रभर पोचायला संघटना लागली, युती लागली, वेळ लागला: १९९० मध्ये ५२ आमदार, १९९५ मध्ये सत्ता. आमच्या जिल्ह्यात सेना आली ती त्या काळात, आणि एकदा आली ती गावपातळीवर रुजली. २०२४ ला दोन्ही शिवसेनांची मते एकत्र केली तर पावणेसात लाखांच्या जवळ जातात. अपक्षाला लढायचे होते ते या मुळांशी.

उलट उदाहरण राज ठाकरे यांचे. २०१९ च्या लोकसभेला मनसेने एकही उमेदवार उभा केला नाही, तरी त्या एप्रिलमधली सर्वांत गाजलेली भाषणे त्यांचीच. 'लाव रे तो व्हिडिओ' हे तीन-चार वर्षांच्या पोरांच्या तोंडी झाले होते. वाहिन्यांनी सभा थेट दाखवल्या, आणि नांदेड, सोलापूर, इचलकरंजीची मैदाने भरली. निकाल लागला तेव्हा नांदेडला अशोक चव्हाण पडले, सोलापूरला सुशीलकुमार शिंदे पडले, आणि इचलकरंजी ज्या हातकणंगलेत येते तिथे राजू शेट्टी पडले. साताऱ्यात आणि महाड ज्यात येते त्या रायगडात राष्ट्रवादी जिंकली, पण त्याचे श्रेय भाषणाला द्यायचे की तिथल्या जुन्या बांधणीला, हे कसे ठरवणार? मनसेचे स्वतःचे विधानसभेतले आकडे २००९ मध्ये १३, २०१४ मध्ये १, २०१९ मध्ये १ आणि २०२४ मध्ये शून्य असे आहेत. ऐकायला जाणे आणि मत द्यायला जाणे या दोन गोष्टी मराठी माणूस किती सहज वेगळ्या ठेवतो! कीर्तन ऐकून आल्यावर सगळेच काही माळ घालत नाहीत.

आमच्याच जिल्ह्यात याहून मोठी गर्दी दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला होते. जिजाऊंच्या जन्मस्थळी लोक राज्यभरातून येतात. त्यांना कोणी आणावे लागत नाही. त्या व्यासपीठाशी नाते सांगणाऱ्या संभाजी ब्रिगेडने पुढे राजकीय पक्ष म्हणून २०१९ च्या विधानसभेला उमेदवार दिले. एकही निवडून आला नाही. जिजाऊंपुढे वाकायला आलेला माणूस उमेदवार निवडायला आलेला नसतो. गर्दी कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायला जमली आहे हे आधी विचारावे लागते.

शेगावचे उदाहरण जरा अवघड आहे, आणि म्हणूनच मला आवडते. १८ नोव्हेंबर २०२२ ला भारत जोडो यात्रेतली राहुल गांधींची सभा शेगावला झाली. आदल्याच दिवशी अकोला जिल्ह्यात सावरकरांवरच्या त्यांच्या वक्तव्याने राज्य पेटले होते. सभा प्रचंड झाली हे विरोधकांनीही खाजगीत मान्य केले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत, शेगाव तालुका ज्या खामगाव आणि जळगाव जामोद मतदारसंघांत विभागला आहे, तिथे दोन्हीकडे भाजपचेच आमदार पुन्हा निवडून आले. झाले, गर्दी वाया गेली! पण मधल्या जूनमध्ये काय झाले? २०१९ ला लोकसभेची एकच जागा मिळालेल्या काँग्रेसने महाराष्ट्रात १३ जागा जिंकल्या, त्यांतल्या कितीतरी विदर्भात. मग गर्दी कामी आली? ज्याला जे म्हणायचे त्याने त्या दोन निकालांपैकी सोयीचा निवडावा. सभेच्या मैदानापासून मतदान यंत्रापर्यंतच्या वाटेत दोन वर्षे, कांद्याचे भाव, सोयाबीनचे भाव, आरक्षणाचा प्रश्न, फुटलेले पक्ष आणि शेवटी 'लाडकी बहीण' एवढे सगळे आले. त्यातून सभेचा धागा ओढून वेगळा काढणे मला तरी जमत नाही.

लाडक्या बहिणींचा उल्लेख आलाच आहे तर एक निरीक्षण. जुलै २०२४ पासून महिना दीड हजार रुपये दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यांत जाऊ लागले. सरकारी मेळावे सोडले तर त्यांची गर्दी कुठेही दिसली नाही. त्या निवडणुकीच्या सभेत सरासरीने कमी असतात, चौकातल्या चर्चेत नसतात, पत्रकाराने माईक पुढे केला तर 'यांना विचारा' म्हणून नवऱ्याकडे बोट दाखवतात. मतदानाच्या रांगेत मात्र त्यांची संख्या आता पुरुषांच्या जवळपास असते. केंद्राध्यक्ष म्हणून मी हे पाहिले आहे: दुपारी दोननंतर, शेतातले काम आणि घरचे आवरून, बायकांची रांग येते आणि पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब होते. गर्दीवरून निकाल सांगणारा माणूस अर्ध्या मतदारांना न पाहताच बोलत असतो.

आता वाहिन्यांचे मोजमाप. टीआरपी म्हणजे काय, तर देशभरातल्या काही हजार निवडक घरांच्या टीव्हीला जोडलेल्या यंत्रांवरून काढलेला अंदाज. ते काम बार्क ही संस्था करते. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा दाखल केल्यावर बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणे थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पण घोटाळा बाजूला ठेवू. अगदी स्वच्छ टीआरपीसुद्धा एवढेच सांगते की अमुक वेळी अमुक वाहिनी लागलेली होती. पाहणारा खूश होता की चिडला होता, की रिमोट सापडत नव्हता, हे यंत्राला कळत नाही. आमच्या घरी माझे वडील ज्या पुढाऱ्याला आयुष्यभर शिव्या घालत, त्याचेच भाषण शेवटपर्यंत ऐकत. टीआरपीच्या हिशेबात ते त्याचे भक्त ठरले असते.

मोबाइलवरचे आकडे तर आणखी फसवे, आणि आमच्या जिल्ह्यापुरते त्याचे एक खास कारण आहे. बुलडाण्याची निम्मी तरुणाई चाकणला, वाळूजला, भिवंडीला आहे. हे 'निम्मी' म्हणजे बोलण्यातले, मोजलेले नव्हे. गावाकडच्या आंदोलनाची चित्रफीत पाहतात ती ही पोरे, रात्रपाळीच्या सुट्टीत, पुन्हा पुन्हा. ती पुढे पाठवतात, खाली 'भाऊ' लिहितात. मतदानाला मात्र कंपनीतून सुट्टी काढून, दोनदा गाडी बदलून यावे लागते. चित्रफितीखालचा पाच लाखांचा आकडा कोणाला मतदार यादीतला अनुक्रमांक विचारत नाही.

राहिल्या लोकप्रियतेच्या पाहण्या. १३ जून २०२३ ची वर्तमानपत्रे आठवतात? 'राष्ट्रात मोदी, महाराष्ट्रात शिंदे' अशी पानभर जाहिरात होती. एका पाहणीचा हवाला देऊन तीत म्हटले होते की २६.१ टक्के लोकांना एकनाथ शिंदे मुख्यमंत्री हवेत आणि २३.२ टक्क्यांना देवेंद्र फडणवीस. भाजपमध्ये एवढी नाराजी झाली की दुसऱ्याच दिवशी दोघांचे छायाचित्र असलेली नवी जाहिरात आली. वर्गात मी मुलांना हे उदाहरण देत असे: हजार माणसांना नीट निवडून विचारले तरी उत्तर तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकते. मग तीन टक्क्यांहून कमी असलेल्या फरकावर जाहिरात देणारा माणूस नेमके काय छापतो आहे? नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपचे १३२ आमदार आले, शिंदे यांच्या सेनेचे ५७, आणि ५ डिसेंबरला फडणवीस मुख्यमंत्री झाले. ती पाहणी चुकली असे मी म्हणणार नाही. तिने विचारला तो प्रश्न निवडणुकीत कोणी विचारलाच नाही.

नमुना मोठा असला की खरे कळते, हाही एक समज आहे. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांवरून लँडन जिंकणार असे छापले. ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टनी जिंकली. पत्ते दूरध्वनीच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या यादीतून घेतले होते, हे कारण सगळे सांगतात. दुसरे कारण कमी सांगतात: पत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी चिडलेल्या लोकांनी जास्त घेतली, आणि ते रूझवेल्टविरोधी होते. म्हणजे वीस लाखांची ती पाहणी हा टपालाने काढलेला मोर्चाच होता.

मग सगळी गर्दी निरर्थक? १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार पावसात भिजत बोलले, आणि सहा दिवसांनी लोकसभेच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांना मोठ्या फरकाने हरवले. तो फोटो आता घराघरांत आहे. मला त्या सभेबद्दल आदर आहे, पण एक शंका मनातून जात नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या पावसात भिजलेले आणि तरीही हरलेले उमेदवार थोडे नसतील. त्यांचे फोटो कोणी जपून ठेवलेत?

निवडणुकीआधी गर्दीवरून निकाल सांगता येत नाही, असे मला आता वाटते. निवडणुकीनंतर मात्र गर्दी तपासता येते. निवडणूक आयोग केंद्रनिहाय मते 'नमुना २०' मध्ये प्रसिद्ध करतो. तो कोणालाही पाहता येतो आणि आमच्या जिल्ह्यातले फार थोडे लोक तो पाहतात. सगळा वेळ सभेच्या फोटोंवर भांडण्यात जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बुलडाणा विधानसभेत संजय गायकवाड यांना ९१,६६० आणि जयश्री शेळके यांना ९०,८१९ मते पडली. फरक ८४१. मतदारसंघात केंद्रे तीनशेच्या वर, म्हणजे केंद्रामागे तीन मतेही नाहीत. सभा दोघांच्याही झाल्या होत्या. त्या तीन मतांचा अंदाज कोणत्या गच्चीवरून आला असता?

त्या जूनला उत्तर देता आले नाही म्हणून २०२४ च्या दिवाळीत भाचा आला तेव्हा मी त्याला लोकसभेचा तो नमुना दाखवला. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात व्यापारी चार हजाराच्या आसपास मागत होते, त्यामुळे तो फारसा खुशीत नव्हता. चष्मा नाकावर ओढून त्याने आपल्या गावाचे केंद्र शोधले, त्या ओळीवर बोट ठेवले आणि आडवे सरकवत नेले. ज्या रकान्यावर त्याला जायचे होते तिथे बोट थांबले. तो मनाशी काहीतरी मोजत होता. गाडीत कोण कोण होते ती नावे पुटपुटत होता. दोन्ही गाड्यांतली माणसे मोजून झाली, तरी रकान्यातला आकडा बराच उरला.

"मामा," तो म्हणाला, "आमी गेलतो त्याच्याहून हे लय जास्त हायेत."

मी मान हलवली. तो पुन्हा त्या आकड्याकडे पाहत राहिला, आणि मग माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाला, "मंग हे बाकीचे कोन व्हय? आमाले काऊन नाही दिसले?"